पुण्याच्या प्लेगवर प्रकल्प? आधी संदर्भांची जमवाजमव

पुण्यातला १८९७ चा प्लेग हा इतिहासाच्या तृतीय वर्षाला आणि एमएला दरवर्षी कुणीतरी घेतंच. विषय चांगला आहे, साधनंही भरपूर आहेत. पण "प्लेग" एवढंच डोक्यात घेऊन ग्रंथालयात गेलात तर चार दिवसांत गोंधळून जाल. म्हणून पहिलं काम घरीच बसून करायचं: तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. "घरझडतीविरुद्धचा रोष मराठी वर्तमानपत्रांत कसा उमटला?" असा प्रश्न असेल (घरझडती म्हणजे प्लेगचे रोगी शोधायला सैनिकांनी घराघरांत शिरणं) तर वर्तमानपत्रं मुख्य आणि सरकारी अहवाल जोडीला. "प्लेग कमिटीनं (रोगाच्या बंदोबस्तासाठी सरकारनं नेमलेल्या) नेमकं काय केलं?" असा असेल तर उलट. दोन्हींची उत्तरं एकाच प्रकल्पात देता येत नाहीत.

त्याच आठवड्यात मार्गदर्शकांना तीन गोष्टी विचारून घ्या. संदर्भ कोणत्या पद्धतीनं द्यायचे, टिपा पानाखाली की प्रकरणाच्या शेवटी, आणि इंग्रजी पुस्तकांची नावं देवनागरीत की रोमन लिपीत. प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं आणि मागच्या वर्षीच्या मुलांना विचारून उपयोग नाही.

वाचनाची सुरुवात मराठी विश्वकोश किंवा विकिपीडियापासून करायला हरकत नाही. फक्त तिथे थांबू नका, आणि संदर्भसूचीत त्यांना बसवू नका. तिथून लेखकांची नावं, अहवालांची नावं, तारखा उचला आणि पुढे सरका. दुसरा मुक्काम शोधगंगा. विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. प्रबंध उघडला की आधी शेवटची सूची बघा. कुणीतरी पाच वर्षं धूळ खाऊन ती केलेली असते. त्या सूचीचा वाटाड्या म्हणून खुशाल उपयोग करा. पण तिथली टीप उचलून, मूळ पुस्तक न बघता, स्वतःच्या नावावर लावणं ही उचलेगिरीच. मूळ मिळालंच नाही तर "अमुक यांच्या प्रबंधात उद्धृत" असं सरळ लिहावं. माझा तरी एकच नियम आहे: जे डोळ्यांनी पाहिलं त्याचाच संदर्भ.

शोधताना फक्त "प्लेग" टाकून भागणार नाही. त्या काळच्या मजकुरात "ग्रंथिक सन्निपात" येतो, "गाठीचा ताप" येतो. शिवाय १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या छपाईत अनुस्वारांची रेलचेल असते: नाहीं, कांहीं, पुणें. संगणकाचा शोध अशा शब्दांवर अडखळतो, जोडाक्षरांवर तर हमखास. तेव्हा शोधात काही सापडलं नाही याचा अर्थ पुस्तकात नाही असा घेऊ नका. अनुक्रमणिका उघडून पानं चाळा. आणि उद्धृत करताना ते अनुस्वार जसेच्या तसे ठेवा, सुधारू नका.

आता मूळ साधनं. टिळकांची दोन साप्ताहिकं, मराठी केसरी आणि इंग्रजी मराठा, यांचे जुने अंक ही पहिली गरज. सरकारी कागदांसाठी मुंबईतलं राज्य पुराभिलेखागार, काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. तिथे जनरल डिपार्टमेंटच्या प्लेगविषयक फाइली आहेत. मुंबईला जाणं जमत नसेल तर स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ब्रिटिश हिंदुस्थानातल्या रोगराईचे छापील अहवाल संकेतस्थळावर खुले ठेवलेत, ते घरबसल्या वाचता येतात. दोन सापळे मात्र लक्षात ठेवा. मुंबईच्या प्लेग कमिटीचे प्रमुख जनरल गॅटॅकर यांचा १८९७ चा प्रसिद्ध अहवाल मुंबईच्या प्लेगचा आहे. त्यातले आकडे पुण्याचे म्हणून छापलेले प्रकल्प मी तपासलेत. दुसरा कॅम्बेलच्या गॅझेटिअरचा, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीग्रंथाचा, पुणे खंड. तो १८८५ चा. पेठा, वस्ती, पाणीपुरवठा यांसाठी उत्तम, पण प्लेग येण्याच्या दहा-बारा वर्षं आधीचा, हे वाक्यातच सांगावं लागतं.

वर्तमानपत्रांवर काम करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. सरकारचं भाषांतर खातं देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी सारांश दर आठवड्याला छापत असे. हे अहवाल सहज मिळतात, म्हणून मोह होतो: त्यातलं इंग्रजी वाक्य घ्यायचं, मराठीत आणायचं, अवतरणचिन्हात टाकायचं आणि खाली "केसरी" लिहायचं. ते वाक्य केसरीचं नाही. सरकारी भाषांतरकाराला जे महत्त्वाचं वाटलं त्याचं ते तुम्ही केलेलं मराठी आहे. एकतर संदर्भ अहवालाचा द्या, नाहीतर मूळ अंक काढा. अंक काढताना एक सोपी चाचणी आहे: केसरी तेव्हा मंगळवारी निघे. तुमच्या टिपणातली तारीख दिनदर्शिकेत बुधवारी पडत असेल तर कुठेतरी गफलत आहे. "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" हा अग्रलेख ६ जुलै १८९७ चा, तो मंगळवारच. अशा अग्रलेखाखाली सही नसते. म्हणून टिपेत शीर्षक, केसरी, तारीख, पान असं लिहायचं. लेखक म्हणून टिळकांचं नाव घालायचं असेल तर ते कोणत्या संपादित संग्रहाच्या आधारे, हे त्याच टिपेत यायला हवं.

तारखांचा आणखी एक नमुना. पुण्याच्या प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्यावर गोळी झाडली गेली २२ जून १८९७ च्या रात्री. त्याच रात्री लेफ्टनंट आयर्स्टवरही झाडली, तो जागीच गेला. रँड मेला ३ जुलैला. "२२ जूनला रँडचा मृत्यू" हे वाक्य मात्र इतक्या ठिकाणी सापडतं की तीन संदर्भ जुळले म्हणून मुलं निर्धास्त होतात. तिघांनी एकमेकांचंच उतरवलेलं असेल तर ते तीन नव्हेत, एकच.

सैनिकांच्या अत्याचारांविषयी लिहिणार असाल तर दुप्पट सावध राहा. गोपाळ कृष्ण गोखले त्या वर्षी हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी तिथल्या वृत्तपत्रात स्त्रियांवरील अत्याचारांचा आरोप केला, आणि परत आल्यावर पुरावा उभा करता न आल्यानं जाहीर माफी मागितली. आरोपाचा संदर्भ द्यायचा आणि माफीचा गाळायचा, हे चालणार नाही. त्याचबरोबर माफी मागितली म्हणजे काहीच घडलं नव्हतं, असंही ठरत नाही. पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी बॉम्बे गार्डियन या वृत्तपत्राला लिहिलेलं पत्र समोर ठेवा आणि दोन्ही बाजू वाचकाला दाखवा. चित्रपट आणि कादंबऱ्या या प्रश्नावर पुरावा नव्हेत, कितीही आवडल्या तरी.

दफ्तरखान्यात किंवा जुन्या ग्रंथालयात जाण्याआधी फोन करून वेळ, सुट्टी आणि फोटोची परवानगी विचारून घ्या. पिशवीत विभागप्रमुखांचं शिफारसपत्र, ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स, पेन्सिल, कोरे कागद. शाईचं पेन बाहेर काढलं तर ओरडा बसेल आणि तो योग्यच असेल. पुस्तक हातात आल्यावर पहिले दोन फोटो मुखपृष्ठाचे नव्हेत: आतल्या शीर्षकपानाचे आणि त्याच्या पाठच्या पानाचे. प्रकाशक, गाव, आवृत्ती, पुनर्मुद्रणाचं साल, सगळं तिथे असतं. शके दिलं असेल तर ७८ मिळवा, आणि पौषाच्या आसपास एक वर्ष इकडेतिकडे होतं हे विसरू नका. पीडीएफ वाचत असाल तर पडद्यावरचा आकडा नको, छापील पानावरचा क्रमांक घ्या. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर पान लिहायचं आणि तुमचे शब्द कोणते, लेखकाचे कोणते हे वेगळ्या शाईत. घरी वेगळी शाई चालते.

लिहिताना वाङ्मयचौर्याची टक्केवारी सगळ्यांना आधी आठवते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून मुलं नऊ टक्क्यांचा हिशेब मांडतात. इंग्रजी परिच्छेद मराठीत उतरवला तर सॉफ्टवेअरला बहुधा पत्ता लागत नाही; मार्गदर्शकांना लागतो, कारण ते पुस्तक त्यांनी वाचलेलं असतं. चॅटबॉटनं दिलेली पुस्तकांची नावं ग्रंथालयाच्या सूचीत शोधून बघा. बरीच सापडत नाहीत, कारण ती कुणी लिहिलेलीच नसतात.

बाइंडिंगला देण्यापूर्वी एक पूर्ण दिवस फक्त सूचीसाठी राखून ठेवा. आडनाव आधी, वर्णानुक्रम अ-आ-इ प्रमाणे, मूळ साधनं आणि दुय्यम ग्रंथ वेगळे. "तत्रैव" (म्हणजे मागच्याच टिपेतलं पुस्तक) असलेल्या टिपा खास तपासा: मध्ये एखादी नवी टीप घुसवली असेल तर "तत्रैव" भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं. मग प्रिंट मित्राच्या हातात द्या, त्याला कुठल्याही पाच टिपा निवडू द्या, आणि त्या पाचांची पानं तुमच्या फोटोंतून त्याच्यासमोर काढून दाखवा. एखादं सापडलं नाही तर बाइंडिंग दुसऱ्या दिवशी.