हायड्रेंजिया जगतो, पण फुलत नाही? उत्तरेकडच्या थंडीत या चुका टाळा

जून उजाडला की अमेरिकेतल्या मिनेसोटात, मिनियापोलिस आणि सेंट पॉलच्या आसपासच्या मराठी घरांतून मला एकाच धर्तीचे फोटो यायला लागतात. कमरेएवढं हिरवंगार झुडूप, तळहाताएवढी पानं, आणि फूल औषधालाही नाही. खाली प्रश्न ठरलेला: ‘कुठलं खत घालू?’ खत घालू नका. त्या झाडाला भूक लागलेली नाही. त्याच्या फुलांच्या कळ्या ऑक्टोबर ते मे या काळात कधीतरी गेल्या आहेत, आणि बहुतेक वेळा त्या थंडीने नव्हे, आपल्याच हातांनी गेल्या आहेत.

त्याआधी आपल्या दारात कुठला हायड्रेंजिया आहे ते ओळखा. मोठ्या गोल गेंदाची निळी-गुलाबी फुलं आणि जाड, चकचकीत पानं असतील तर तो मॅक्रोफायला. याची फुलं मुख्यतः जुन्या काडीवर येतात, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याची कळी या वर्षीच्या ऑगस्ट-ऑक्टोबरमध्येच काडीच्या टोकाला तयार होते आणि अख्खी थंडी तिथे उघड्यावर काढते. लांबट, निमुळते पांढरे तुरे येणारा तो पॅनिक्युलाटा, आणि पांढऱ्या गोल फुलांचा, पातळ पानांचा तो आर्बोरेसेन्स. अ‍ॅनाबेल ही जात आर्बोरेसेन्सचीच, इलिनॉयमधल्या अ‍ॅना गावाच्या परिसरात सापडलेली. हे दोघे त्या-त्या वर्षीच्या नव्या काडीवर फुलतात, झोन ३ पर्यंतची थंडी सोसतात (झोन म्हणजे अमेरिकी नकाशातले थंडीचे पट्टे; आकडा जितका लहान तितकी थंडी जास्त) आणि त्यांना पांघरूण लागत नाही. ज्यांना नोव्हेंबरात अंगणात तासभर घालवायचा नाही त्यांनी लाइमलाइट (पॅनिक्युलाटाची जात) नाहीतर अ‍ॅनाबेल लावावं आणि सुखी राहावं. हे मी मनापासून सांगते. पण फुलं निळीच हवीत असा हट्ट असेल तर मॅक्रोफायला लावा आणि त्याचं करा. निळी फुलंही हवीत आणि काही करायलाही नको, असं या थंडीत जमत नाही.

लेबलवरचा झोन वाचून निश्चिंत होणं

अमेरिकी कृषी खात्याच्या २०२३ च्या नकाशात मिनियापोलिस झोन ५ए मध्ये आलं. म्हणजे वर्षातलं नीचांकी तापमान सरासरीने उणे १५ ते उणे २० फॅरनहाइट, सेल्सियसमध्ये साधारण उणे २६ ते उणे २९. लेबलवर ‘झोन ५’ वाचून लोक खूश होतात. पण तो आकडा झाड जगेल का एवढंच सांगतो. मुळं मातीखाली, बर्फाच्या दुलईत तगतात; फुलाची कळी जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर वाऱ्यात असते आणि तिची सहनशक्ती मुळांपेक्षा खूपच कमी असते. शिवाय नकाशातला आकडा सरासरीचा आहे. ३० जानेवारी २०१९ ला इथे पारा उणे २८ फॅरनहाइटवर गेला होता.

एन्डलेस समर या जातीबद्दलही हाच गैरसमज. १९९८ मध्ये मिनेसोटातल्या बेली नर्सरीत प्राध्यापक मायकेल डर यांच्या नजरेत ती भरली आणि २००४ मध्ये बाजारात आली. जुन्या आणि नव्या दोन्ही काड्यांवर फुलते, ही तिची खासियत खरी. पण जुन्या काड्या जळाल्या तर सगळी भिस्त नव्या काडीवर, आणि इथला उन्हाळा इतका तोकडा की ती फुलं यायला ऑगस्ट उलटतो. जुलैत फुलं बघायची असतील तर तिचीही जुनी काडी वाचवावीच लागते.

ऑक्टोबरात कात्री चालवणं

ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की यावर सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या एका मैत्रिणीचे वडील निफाडकडचे द्राक्षबागायतदार. मे महिन्यात लेकीकडे आले, सहा महिने राहायला. आल्या दिवसापासून त्यांनी अंगण हातात घेतलं. टोमॅटो, मेथी, वाफे, आळी, सगळं देखणं. दाराशी एक मॅक्रोफायला होता, मैत्रिणीने आदल्या थंडीत नीट झाकून जपलेला. जुलैत त्याला निळी फुलं आली ती ओंजळीत मावेनात. ऑक्टोबर उजाडला, पानं गळायला लागली, आणि परतीच्या विमानाआधी काकांनी लेकीचं काम हलकं करावं म्हणून प्रत्येक काडी वीतभर ठेवून छाटली. छाटलेल्या काड्यांची मोळी बांधून गराजच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. मी नेमकी त्या संध्याकाळी तिथे गेले.

‘काका, हे कधी छाटलंत?’

‘आज सकाळीच. अगं पोरी, ऑक्टोबरात छाटल्याशिवाय माल लागतो का कुठं?’

नाशिकच्या द्राक्षाला ऑक्टोबरची छाटणी म्हणजे फळछाटणी. ती केली नाही तर पीक नाही. आयुष्यभर तेच केलेल्या माणसाला यात चूक कशी दिसणार? मी मोळीतली एक काडी काढली, टोकाचा फुगलेला डोळा, म्हणजे काडीवरचा मिटलेला कोंब, ब्लेडने उभा चिरला आणि मैत्रिणीच्या मुलाचं भिंग काकांच्या हातात दिलं. आत कोवळ्या पानांच्या घड्यांमध्ये हिरव्या कणांचा एक बारीक पुंजका होता. काकांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘हा तर घड आहे.’

त्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. द्राक्षातही एप्रिलच्या खरड छाटणीनंतर येणाऱ्या काडीतच सूक्ष्मघड तयार होतो आणि ऑक्टोबरात छाटण्याआधी बागायतदार काड्या तपासून घेतात, घड कितव्या डोळ्यावर आहे ते पाहूनच काप घेतात. फरक एवढाच की हायड्रेंजियाचा माल बहुतांशी टोकाच्या डोळ्यात आणि त्याच्या खालच्या एक-दोन जोड्यांत असतो. वीतभर ठेवून बाकी काडी उडवली म्हणजे पुढच्या वर्षीचा जवळजवळ सगळा माल त्या मोळीत गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्या घरी तेच झालं. पानंच पानं.

काकांनी मात्र पुढच्या खेपेला झाडाला कात्री लावू दिली नाही, कोणालाच. सुकलेली फुलंसुद्धा काडीवर तशीच ठेवायला लावली. तेच बरोबर आहे. वाळलेलं फूल खालच्या डोळ्यांना थोडा आडोसा देतं आणि ते तोडायच्या नादात हात खाली घसरत नाही.

तेव्हा मॅक्रोफायलावर ऑक्टोबरात कात्री नाही, मार्चमध्ये नाही, एप्रिलमध्येही नाही. मेअखेर पानं फुटली की मेलेला भाग आपोआप दिसतो, तेवढाच काढा. अंगण नीटनेटकं दिसावं म्हणून फॉलमध्ये सगळं सपाट करणाऱ्या, पगारी लॉनवाल्यांनाही हे आधी बजावून ठेवा. पॅनिक्युलाटाची छाटणी वेगळी: ती थंडी सरताना, मार्चच्या आसपास, खुशाल करा.

नुसतं गोणपाट गुंडाळणं

गोणपाट वारा अडवतं, ऊब देत नाही. ऊब पाचोळ्याच्या थरांत अडकलेल्या हवेत असते. प्लॅस्टिकची काळी पिशवी तर नकोच: दिवसा उन्हाने आत घाम धरतो, रात्री तोच गोठतो आणि कळ्या कुजतात. गुलाबावर घालायच्या थर्माकोलच्या टोप्यांचीही तीच तऱ्हा.

मी काय करते ते सांगते. पानं गळाली की काड्या हलक्या हाताने जवळ आणून जुन्या सुती साडीच्या पट्टीने सैल बांधते. सुतळी सालीला कापते, सुती पट्टी कापत नाही. भोवती चिकन वायरची जाळी, काड्यांच्या टोकांपेक्षा वीतभर उंच. आत कोरडा पाचोळा, शक्यतो ओकचा. ओकचं पान ताठ असतं, दबत नाही. मेपलचं पान ओलं झालं की पापडासारखं एकावर एक चिकटून बसतं आणि मधली हवाच जाते. टोकाचे डोळे पूर्ण झाकले जाईपर्यंत भरायचं, आठवड्याने पाचोळा खाली बसला की वरून पुन्हा भरायचं. ही दुसरी भर लोक हमखास विसरतात, आणि नेमके टोकाचेच डोळे उघडे पडतात. वरून गोणपाट.

हे सगळं नोव्हेंबरच्या मध्यानंतर, जमीन गोठायला लागली की. घाईने ऑक्टोबरातच भरलं तर झाडाला झोप लागत नाही आणि उंदरांना आयतं घर मिळतं. जाळी जमिनीत थोडी रोवा, नाहीतर जानेवारीत ससे आत शिरून साल कुरतडतात.

बर्फ पडला की त्याला हात लावू नका. त्याच्यासारखं पांघरूण विकत मिळत नाही. पायवाटेवरचा स्वच्छ बर्फ फावड्याने झाडाभोवती टाकला तरी चालतो, पण रस्त्याकडचा, मीठ मारलेला बर्फ कधीच नाही.

पाडव्याला गुढीबरोबर झाडंही मोकळी करणं

ऑक्टोबरातली कात्री ज्या घरांत टळते तिथे कळ्या एप्रिलमध्ये मरतात. सहा महिन्यांच्या थंडीनंतर पारा सत्तर फॅरनहाइटला टेकतो, लोक अर्ध्या चड्ड्या घालून बाहेर येतात आणि सगळ्यांत आधी हायड्रेंजियाचं पांघरूण ओढून काढतात. कळीला वाटतं उन्हाळा आला. ती फुगते, हिरवं टोक बाहेर काढते. थंडीत निजलेली कळी जे सोसते त्याच्या पासंगालाही हे कोवळं टोक पुरत नाही. रात्रीचं एक कडक, गोठलेलं दंव (फ्रॉस्ट) त्याला काळं करायला पुरेसं असतं. आणि इथे मेच्या पहिल्या पंधरवड्यातही दंव पडतं. २०१८ च्या एप्रिलच्या मध्यावर तर हिमवादळ आलं होतं आणि विमानतळावर फूटभराहून जास्त बर्फ साचला होता.

या बाबतीत मला उतावळ्या लोकांचा खरोखर त्रास होतो. नोव्हेंबरात कष्ट घेतात, सगळी थंडी निभावते, आणि शेवटच्या तीन आठवड्यांसाठी धीर धरवत नाही. गोणपाट एप्रिलच्या मध्यावर काढा, पाचोळा वरून थोडा थोडा कमी करा, तेही ढगाळ दिवशी. जाळी मात्र मेच्या मध्यापर्यंत राहू दे. दाराशी एक जुनी सुती चादर घडी करून ठेवा. रात्री दंव सांगितलं असेल तर संध्याकाळीच ती जाळीवरून जमिनीला टेकेल अशी टाका, सकाळी उन्हं आली की काढा.

बाकीच्या चुका थोडक्यात

जुलैनंतर खत नाही. उशिरा घातलेल्या नत्राने कोवळी फूट येते आणि पहिल्या थंडीतच ती जाते.

पाणी सप्टेंबरात तोडू नका. जमीन गोठेपर्यंत आठवड्यातून एकदा भरपूर द्या. कोरड्या मुळांनिशी थंडीत गेलेली काडी वाऱ्याने आतून वाळते.

ईस्टरला आणि मदर्स डेला चमचमत्या कागदात गुंडाळून मिळणारा हायड्रेंजिया काचघरात वाढवलेला असतो, इथल्या थंडीसाठी निवडलेला नव्हे. तो अंगणात लावून पुढच्या वर्षी फुलांची वाट पाहू नका.

कुंडी बाहेर ठेवू नका. कुंडीतल्या मुळांना चारी बाजूंनी थंडी लागते. पानं गळाल्यावर बिनहीटरच्या गराजमध्ये आत, महिन्यातून एकदा पेलाभर पाणी, आणि मेच्या मध्यापर्यंत बाहेर काढायची नाही.

निळ्या रंगासाठी गंजके खिळे पुरू नका. रंग ठरवतं अ‍ॅल्युमिनियम, लोखंड नव्हे. मातीचा सामू (पीएच) ५.५ च्या खाली असेल तर झाडाला ते मिळतं आणि फूल निळं होतं, ६.५ च्या वर गेला की गुलाबी. अ‍ॅनाबेल कशानेही निळी होत नाही.

मेलं म्हणून उपटून टाकणं

मेच्या तिसऱ्या आठवड्यात शेजारची लायलॅक फुललेली असते आणि हायड्रेंजिया नुसत्या तपकिरी काड्यांचा. तेव्हा माणसं फावडं आणतात. थांबा. नखाने काडीची साल किंचित खरवडा. आत हिरवं असेल तर काडी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर थोडं खाली येऊन पुन्हा खरवडा. हिरवं सापडेल त्याच्या जरा वर, निरोगी डोळ्यांच्या जोडीच्या वरच्या बाजूला काप घ्या. काडी बुडापर्यंत वाळलेली असेल तर मुळाशी माती बोटांनी हलकेच बाजूला करा. तिथे बऱ्याचदा तांबूस-हिरवे कोंब वर येत असतात. त्या वर्षी फुलं कमी येतील किंवा येणार नाहीत, पण झाड आहे, आणि येत्या नोव्हेंबरात झाकायला नव्या काड्या मिळतील. जूनच्या पंधरा तारखेपर्यंत बुडाशी काहीच हिरवं दिसलं नाही तर मात्र उपटा आणि त्याच खड्ड्यात पॅनिक्युलाटा लावा.