मथळ्याआधी पान विचारा

बातमीची कॉपी हातात आली की मथळा सुचायच्या आधी एकच विचारायचं: पान कुठलं, म्हणजे कुठल्या वाचकाचं? नाशिकच्या आमच्या वृत्तपत्राच्या डेस्कवर नवी पोरं येतात, त्यांना मी पहिलं हे शिकवतो.

कांदा घ्या. समजा, लासलगावच्या घाऊक बाजारात क्विंटलमागे भाव 2,000 वरून 1,200 वर आला. निफाड-चांदवडच्या पानावर 'कांदा गडगडला', शहराच्या पानावर 'कांदा स्वस्त होणार'. एक वाचक विकणारा, दुसरा विकत घेणारा. तालुक्याच्या पानावर कांदा कुठला, लाल की उन्हाळ, ते लिहा आणि मथळ्यात सरासरी भाव घ्या. कमाल भाव मोजक्याच ट्रॉल्यांना मिळतो. तो ठळक छापलात तर सकाळी शेतकरी फोनवर झाडतो, आणि बरोबरच करतो. शहराला भाव किलोचा द्या, पण 1,200 ला शंभराने भागून 12 रुपये लिहू नका. मधे अडत, हमाली, वाहतूक, घट असते. भाजीबाजारात विचारून घ्या. डिसेंबर 2023 च्या निर्यातबंदीची बातमीही अशीच दोन तोंडांची: दिल्लीच्या कॉपीत 'दरनियंत्रण', आमच्या जिल्ह्यात 'लिलाव बंद पाडले'. एजन्सीची कॉपी जशीच्या तशी उचलली की हा घोळ होतो.

पाण्याचं तर विचारूच नका. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे आकड्याने लिहा, पण नाशिककराला खरं कळतं ते गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी आलं की नाही त्यावरून. बाहेरच्या आवृत्तीला हाच मारुती पाठवलात तर दोन ओळी समजावण्यात जातील. तिथे 'गोदावरीला पूर' पुरे. तेच पाणी पुढे मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात पोचलं की तिकडच्या पानावर त्याची 'आवक' होते. दुष्काळी वर्षात इकडे 'पाणी पळवलं', तिकडे 'हक्काचं पाणी'. अशा वेळी दोन्ही शब्द अवतरणात, कोण म्हणालं त्याच्या नावासकट. बातमीदाराच्या वाक्यात फक्त 'सोडलं'. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातल्या समन्यायी पाणीवाटपाचा उल्लेख एका ओळीत करा.

गुन्ह्याच्या बातमीत मात्र पान बदललं तरी भाषा बदलायची नाही. दोष सिद्ध होईपर्यंत 'संशयित'. 'नराधम' वगैरे खोडा. लैंगिक अत्याचार असेल तर पीडितेचं नाव, गल्ली, शाळा काहीच नको. भारतीय न्याय संहितेचं कलम 72 आहेच. शेवटी सर्वनामं तपासा. कलम एकच असताना नगरसेवक असला की 'त्यांना ताब्यात घेतले' आणि हमाल असला की 'त्याला बेड्या', हे मला चालत नाही. दोघांनाही 'अटक' लिहा.