नवराबायकोने नाशिकला वाइन प्यायला जायचं तर

सगळ्यात आधी घरी खरं सांगून टाका. मुंबईतल्या मराठी माणसाने "नाशिकला जातोय" म्हटलं की ऐकणाऱ्याला त्र्यंबकेश्वरच दिसतं. मग शेजारच्या काकू अभिषेकाचे पैसे हातात ठेवतात, कोणी अंगारा मागतं, आणि परत आल्यावर रांग किती होती त्याचं वर्णन करावं लागतं. ही कटकट नको म्हणून मी सासूबाईंना सरळ सांगितलं, "आई, आम्ही दोघंच चाललोय. द्राक्षांच्या मळ्यात. वाइन कशी करतात ते बघणार आणि पिणारही." त्या थोडा वेळ मेथी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "येताना कोंडाजीचा चिवडा आण. आणि मुलीच्या क्लासची वेळ लिहून ठेव." एवढ्यावर परवानगी मिळाली.

आम्ही मुलुंडला राहतो. मी एका शाळेच्या ऑफिसात आहे, नवरा लोकलचा मोटरमन. त्याची ड्युटी कधी पहाटे चारला, कधी मध्यरात्री संपणारी. एका घरात राहूनही आमचं बोलणं व्हायचं ते असं: गॅस सांगितलाय, ओटीपी पाठव, डब्यात भेंडी आहे, सोसायटीचा माणूस येऊन गेला. भांडण नव्हतं. भांडायला दोघं एका वेळी जागे तरी हवेत. तुमच्याकडेही असंच असेल तर तुम्हाला महाबळेश्वरला सात पॉइंट बघण्यापेक्षा नाशिकची ही फेरी जास्त उपयोगी पडेल. वाइन टेस्टिंगला दोघांपुढे एकसारखे पेले ठेवतात आणि विचारतात, कसला वास येतोय? याला चुकीचं उत्तर नसतं आणि उत्तरात घर, पैसे, मुलं यांतलं काहीच नसतं. असा विषय आमच्या घरात किती वर्षांत आला नव्हता!

कधी जायचं हे द्राक्षं ठरवतात. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, साधारण एप्रिलमध्ये, खरड छाटणी आणि पावसाळा ओसरला की गोडी छाटणी. या दुसऱ्या छाटणीनंतर जे घड लागतात ते जानेवारी ते मार्चमध्ये काढतात. वेलावर द्राक्षं बघायची असतील तर जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी उत्तम. ऑगस्ट-सप्टेंबरात द्राक्षं नसतात, पण डोंगर हिरवे असतात, गर्दी कमी असते. एप्रिल-मेमध्ये जाऊ नका. छाटलेले बुंधे आणि ऊन बघायला मुंबईहून कशाला जायचं? फेब्रुवारीत गेलात तर स्वेटर घ्या, नाशिकची थंडी मुंबईकराला खरंच बाधते. आणि एक सापळा लक्षात ठेवा: २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली की सगळी मुंबई तिकडे निघते आणि नेमका त्या दिवशी ड्राय डे असतो. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आषाढी एकादशीचंही तेच. तारीख ठरवण्याआधी कॅलेंडर उघडा.

शनिवार-रविवारचाच हट्ट नको. नवऱ्याची विश्रांती आठवड्याच्या मधे आली तर मी रजा टाकते. खोल्या स्वस्त पडतात आणि टेस्टिंगला ओतणारा माणूस दोन शब्द जास्त बोलतो.

जाताना गाडी घेऊ नका, हे मी आग्रहाने सांगते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून जो तो म्हणतो, अगं, आता काय, भुर्रकन पोचाल. पोचाल. पण मग दोघांपैकी एकाने प्यायचं नाही, हे ओघाने आलंच. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि टेस्टिंगचे चार-सहा घोट 'एवढेसे' वाटले तरी मोजणारं यंत्र तसं समजत नाही. माझ्या नवऱ्याला हे सांगावं लागत नाही. ड्युटीवर हजर होताना त्याला दर वेळी त्या यंत्रात फुंकावं लागतं. म्हणून आमचा नियम असा की जे काही प्यायचं ते पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी एक थेंबही नाही. तुम्ही मोटरमन नसलात तरी हा नियम घ्या. दुसऱ्या दिवशी डोकं हलकं राहतं आणि परतीचा प्रवास सुसह्य होतो.

सकाळची शिर्डी वंदे भारत सीएसएमटीहून सहा-वीसला सुटते, दादर आणि ठाण्याला थांबते आणि नऊच्या आत नाशिक रोडला सोडते. परतताना तीच गाडी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास नाशिक रोडला मिळते. वेळा बदलतात, तेव्हा तिकीट काढताना बघून घ्या. खिडकीची जागा कोणी घ्यायची हे आधी ठरवा. आमच्याकडे हा प्रश्न नसतो, कसारा घाट आला की नवरा दारापाशी जाऊन उभा राहतो. बाकीच्या गाड्यांना घाट चढायला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. १:३७ चा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. वंदे भारतला बँकर लागत नाही, याचं त्याला कौतुकही आहे आणि थोडं वाईटही वाटतं. हे सगळं मी त्या प्रवासात पहिल्यांदा नीट ऐकलं. बरोबरच्या माणसाला त्याच्या कामाबद्दल काहीतरी विचारायचं असेल तर गाडीतच विचारा. समोरासमोर बसून विचारलं की ती मुलाखत होते, शेजारी बसून विचारलं की गप्पा होतात.

आता मळा कुठला. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आहे. २००० साली त्यांची पहिली वाइन आली आणि नाशिकला वाइन प्यायला जायची सवय मुंबईला बऱ्याच अंशी त्यांनीच लावली. सगळ्यात मोठा, सगळ्यात गजबजलेला आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला सगळं समजावून सांगणारा मळा हाच. जवळच यॉर्क आहे आणि थोडं पुढे सोमा. दिंडोरीकडे शांदों, तिथे फसफसणारी वाइन होते. इगतपुरीच्या बाजूला कावनईला वॅलोने आणि सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा. मुंबईहून अंतर कमी, डोंगर जवळ, गर्दी कमी. यांतले किती बघायचे? एक. फार तर दोन, आणि तेही गंगापूर रस्त्यावरचेच. जे जोडपं तीन-तीन मळे उरकतं त्यांना संध्याकाळी आठवत नाही कुठल्या मळ्यात काय प्यायलं. आधी फोन करून टूरची वेळ आणि त्या दिवसाची प्रवेश फी विचारा, आणि नाशिक रोडहून घेतलेल्या टॅक्सीवाल्याशी परतीचंही तेव्हाच ठरवा. मळे शहराबाहेर आहेत, अंधार पडल्यावर रस्त्यावर रिक्षा शोधत उभं राहण्यात कसली मजा?

पोटात काही नसताना टेस्टिंगला बसू नका. साडेदहाला पोटभर नाश्ता करा, मग टूर.

टूरमध्ये दोन गोष्टी डोळे उघडे ठेवून बघा. एक म्हणजे वेल. खायची द्राक्षं मांडवावर चढवलेली असतात, तर वाइनचे वेल तारांवर सरळ उभे, रांगेत. त्यांचे मणी बारीक, जाड सालीचे, बियांचे आणि खायच्या द्राक्षांपेक्षा जास्त गोड. दुसरी म्हणजे रंग. काळं द्राक्ष चिरडलं तरी आतला रस बहुतेक वेळा पांढुरकाच निघतो, लाल रंग सालीतून येतो. म्हणून रेड वाइन सालीसकट आंबवतात आणि व्हाइटचा रस साली काढून स्टीलच्या टाक्यांत थंड ठेवून आंबवतात. आम्ही गेलो तेव्हा तोडणी चालू होती. नवऱ्याचा विश्वास बसेना, तेव्हा तिथल्या मुलाने एक मणी त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो दाबून बघितला आणि पुढचा अर्धा तास भेटेल त्याला तळहात दाखवला.

टेस्टिंगची रीत सोपी आहे. पेला दांडीला धरा, म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाही. मागे पांढरा कागद धरून रंग बघा. पेला गोल फिरवा, नाक आत घाला, मग एक छोटा घोट. तो तोंडभर फिरवा, मग गिळा किंवा बाजूच्या भांड्यात थुंका. हो, थुंकायला खास भांडं ठेवलेलं असतं, त्यात काही वावगं नाही. दोघांतलं एक पीत नसेल तरी त्याला वास घेता येतो, आणि खरी गंमत वासातच आहे. क्रम आधी व्हाइट, मग रेड, शेवटी गोड. मधे पाणी पीत राहा.

आणि आता मुख्य काम. पहिला वास घेतल्यावर लगेच बोलू नका. दोघांनी आपापल्या मनात ठरवा, मग एकदम सांगा. ओतणाऱ्याचं ऐकण्याआधी सांगा, नाहीतर तो 'पॅशन फ्रूट' म्हणतो आणि मग तुम्हालाही तेच यायला लागतं. सोव्हिन्यों ब्लां या व्हाइट वाइनला मी म्हटलं पेरू, आणि किंचित हिरवी मिरची. नवरा म्हणाला, "पहिल्या पावसानंतर रुळांशेजारचं गवत कापतात ना, तो वास." मला तो वास माहीतच नव्हता. पंचवीस वर्षं लोकलने फिरतेय, पण मी डब्यात असते, तो समोरच्या काचेशी. शेनें ब्लां या दुसऱ्या व्हाइटला आम्ही दोघंही अननस म्हणालो. शिराझ या रेड वाइनला मी मिरे म्हटलं, त्याने लवंग. तो हट्टाला पेटला. मग कॅबरने सोव्हिन्यों ही दुसरी रेड आली आणि जीभ कोरडी, तुरट झाली. जांभूळ जास्त खाल्ल्यावर होते तशी. लाकडी पिंपात मुरलेल्या वाइनला तो म्हणाला, "आमच्या गावच्या घरातलं आजीचं कपाट." आणि मग त्या कपाटात काय काय असायचं ते निघालं: खारका, नेसूची लुगडी, कोणालाही न दाखवलेला एक फोटो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे कपाट मला ठाऊक नव्हतं. तेव्हा वासाबद्दल बोलताना बरोबर-चूक करू नका. "कुठे घेतला होतास हा वास?" एवढंच विचारा.

फोनवर आम्ही बंदी घातली नाही. मुलगी घरी असताना ते जमत नाही. बंदी विषयांवर घातली. संध्याकाळच्या जेवणापर्यंत गळती, हप्ता, दहावी आणि सोसायटी यांचं नाव काढलं की पन्नास रुपये दंड. नवऱ्याने धरणाकडे जाताना गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय काढला आणि लगेच नोट काढून दिली. दंड रोखीत घ्या, यूपीआयने त्यात मजा नाही.

टेस्टिंगनंतरची दुपार मोकळी ठेवा. रिकामी म्हणजे रिकामी. जेवा आणि खोलीवर जाऊन झोपा. दुपारी दोन तास झोपायला मिळणं ही मुंबईच्या जोडप्यासाठी कुठल्याही सनसेट पॉइंटपेक्षा मोठी गोष्ट आहे. मळ्यातच राहायचं तर खोल्या महाग असतात, शनिवारी फारच. खिशाला झेपत नसेल तर गंगापूर रोडवरचं साधं हॉटेल घ्या, झोप तिथेही येते. पाचनंतर गंगापूर धरणाच्या पाण्याकडे चालत किंवा टॅक्सीने जा. गोदावरीवरचं हे मातीचं धरण. पाणी बघत बसता येतं. पाण्यात उतरू नका, वाइन प्यायल्यावर तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ. नाशिककर मिसळीवरून जेवढा वाद घालतात तेवढा वाइनवरून घालत नाहीत. आम्ही 'साधना' या मिसळीच्या हॉटेलात चुलीवरची खाल्ली: काळ्या मसाल्याचा रस्सा, सोबत पापड, दही, जिलबी. रस्सा वेगळा मिळतो, जपून ओता. पुढे पाय ओढत असतील तर थेट स्टेशनजवळ या. हिवाळ्यात दम असेल तर निफाडकडे नांदूरमध्यमेश्वरला जा. गोदावरी आणि कादवाच्या संगमावरची ही पाणथळ जागा २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली, महाराष्ट्रातली पहिली. पक्षी पहाटे दिसतात, म्हणजे मिसळ परतताना. दुर्बीण नसेल तर तिथल्या गाइडकडे चौकशी करा. काळाराम मंदिर, पांडवलेणी, त्र्यंबक हे सगळं एकाच फेरीत कोंबू नका. त्यासाठी सासूबाईंना घेऊन वेगळं जायचंय, तसं कबूलही केलंय.

बाटली एकच घ्या, आणि दोघांचं ज्या वाइनवर एकमत झालं ती नाही, ज्यावरून वाद झाला ती. आमची शिराझ. बहुतेक बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, त्यामुळे बूच काढायचं यंत्र लागत नाही. स्वयंपाकघरात गॅसजवळ ठेवू नका, कपाटाच्या तळाशी अंधारात ठेवा. उघडल्यावर झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवसांत संपवावी लागते. म्हणून उघडताना दोघांच्या ड्युट्या बघूनच उघडायची.