‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी मदरबोर्ड असा तपासा

पीसी चालू होत नाही म्हटलं की संशय थेट मदरबोर्डवर जातो. पण मदरबोर्ड मुख्यतः तीन कामं करतो: एसएमपीएसकडून (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) आलेले १२ व्होल्ट प्रोसेसरला झेपतील असे साधारण एक-सव्वा व्होल्टपर्यंत उतरवणं, सगळे भाग एकमेकांना जोडणं आणि बायोसमार्फत (बोर्डावरच साठवलेल्या छोट्या प्रोग्रॅममार्फत) सुरुवात करून देणं. त्याच क्रमाने तपासा.

आधी वीज. २४ पिनचा मोठा कनेक्टर पूर्ण बसलाय का ते दाबून बघा. मग प्रोसेसरजवळचा ८ पिनचा (जुन्या बोर्डांवर ४ पिनचा). हा राहिला तर पंखे फिरतात, स्क्रीन मात्र काळीच. मल्टीमीटर असेल तर २४ पिनचा कनेक्टर काढून, एसएमपीएसचा स्विच चालू ठेवून जांभळ्या वायरवर मोजा. तिथे ५ व्होल्ट नसतील तर दोष एसएमपीएसचा. वायरी सगळ्या काळ्या असतील तर ९ नंबरची पिन धरा.

वीज ठीक असेल तर २४ पिनचा कनेक्टर परत लावा, कॅबिनेटच्या बटणाची वायर काढा आणि बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोनच पिन स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडा. पीसी सुरू झाला तर बिघाड बटणात आहे.

तरीही काही नाही? मेन बंद करून बोर्ड बाहेर काढा आणि कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवा, अँटिस्टॅटिक पिशवीवर नको. प्रोसेसर, कूलर आणि एकच रॅम एवढंच लावा. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा. इंटेलच्या ‘एफ’ प्रोसेसरांत, उदाहरणार्थ आय५ १२४००एफ, ग्राफिक्स नसतं. तिथे बोर्डावरच्या एचडीएमआयवर चित्र येणारच नाही, ग्राफिक्स कार्ड लावावंच लागेल. बाहेर चालला आणि कॅबिनेटमध्ये बंद पडला, तर बोर्डाखाली जास्तीचा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर स्क्रूने बसतो तो छोटा खांब) टेकून शॉर्ट होतोय का पाहा.

रॅमच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबराने घासू नका, त्याचा चुरा स्लॉटमध्ये जातो.

शेवटी बायोस. मेन बंद करून बोर्डावरचा गोल सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा, म्हणजे बायोसची सेटिंग रिसेट होतात. ३ व्होल्टचा हा सेल २.७ च्या खाली आला असेल तर बदला. डीडीआर५ रॅम असेल तर रिसेटनंतर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, कारण बोर्ड रॅमची जुळणी करत असतो. तेवढ्यात बंद करू नका, सगळं पुन्हा पहिल्यापासून होईल.

एवढ्यानेही पीसी उठला नाही तर फुगलेले कपॅसिटर, जळका डाग किंवा सॉकेटमधल्या वाकलेल्या पिना शोधा. दुरुस्तीला देताना सॉकेटचा जवळून फोटो काढून ठेवा. वाकलेल्या पिना सहसा वॉरंटीत बसत नाहीत आणि वाद होतो तो यावरूनच.