जर्मनीतली जुनी गावं ट्रेन आणि बसने फिरायची असतील तर: टूर कंपनीशिवाय आठ-नऊ दिवसांचा जुगाड

दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आधी एक सांगतो, बर्लिन हॅम्बुर्ग कोलोन म्युनिक असं अख्खं जर्मनी नऊ दिवसांत उरकायच्या भानगडीत पडू नका, अर्धी सुट्टी प्लॅटफॉर्मवर जाते आणि फोटोत सगळी स्टेशनंच येतात. एक पट्टा धरा. आमचा होता फ्रँकफर्टला उतरून वुर्त्सबुर्ग, रोथेनबुर्ग, डिंकल्सब्युल, नॉर्डलिंगेन, आऊग्सबुर्ग आणि म्युनिकहून परत. एका टोकाला उतरायचं आणि दुसऱ्या टोकाहून उडायचं, म्हणजे परतीचा उलटा प्रवास वाचतो. विमानाचं तिकीट काढताना 'मल्टी सिटी' निवडा.

हा पट्टा का, तर यात सुपरफास्ट आयसीई लागतच नाही, सगळं लोकल आणि रिजनल ट्रेनने होतं, आणि तिथेच पैसे वाचतात. डॉइचलांड-टिकीट म्हणून एक मासिक पास आहे, 2023 च्या मे महिन्यात 49 युरोला सुरू झाला, 2025 मध्ये 58 झाला आणि 2026 पासून 63. देशभरातल्या आरई आणि आरबी म्हणजे रिजनल गाड्या, एस-बान म्हणजे शहरांभोवतीच्या लोकल, ट्राम, गावातल्या बसेस सगळं त्यात येतं. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि त्या लांब पल्ल्याच्या हिरव्या बसेस येत नाहीत. पण गंमत ही की हा नुसता पास नाही, सबस्क्रिप्शन आहे! महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कॅन्सल केलं तर त्या महिनाअखेरीस संपतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे गपचूप कापले जातात, म्हणून घेतल्या घेतल्या कॅन्सल करून टाका, महिनाभर चालतोच. आणि तो कॅलेंडर महिन्याचा असतो, म्हणजे 27 जूनला निघून 5 जुलैला परत येणार असाल तर दोन महिन्यांचे पैसे, तेव्हा तारखा जरा सरकवा. विकणारी ॲप्स बरीच आहेत, काही आपलं कार्ड घेतात, काहींना युरोपातलं बँक खातं लागतं, ते इथूनच बघून ठेवा.

चार-पाच जण असाल तर एखाददुसऱ्या दिवसासाठी बायर्न-टिकीट बघा, पाच जणांपर्यंत एकच तिकीट, अख्ख्या बव्हेरियात, म्हणजे आपला जवळजवळ सगळा पट्टा ज्या राज्यात आहे तिथे, दिवसभर चालतं, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 च्या आधी चालत नाही आणि त्यावर प्रवाशांची नावं लिहावी लागतात. फ्रँकफर्ट मात्र बव्हेरियात नाही, तो पहिला तुकडा वेगळा काढायचा.

व्हिसाचं थोडक्यात: शेंगेन व्हिसा, फी 90 युरो, किमान 30,000 युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मे-जूनच्या अपॉइंटमेंट लवकर संपतात, तेव्हा फेब्रुवारीतच हात धुवून मागे लागा. हॉटेल्स फ्री कॅन्सलेशनवाली घ्या.

आता मुक्कामाचं. फ्रँकफर्टहून वुर्त्सबुर्गला थेट रिजनल ट्रेन आहे, साधारण दोन तास. तिथे दोन रात्री राहा, जेट लॅग पण जातो. रेसिडेंझ राजवाडा बघायचाच, त्याच्या जिन्यावरच्या छतावर तिएपोलो या इटालियन चित्रकाराने 1752-53 मध्ये काढलेलं प्रचंड चित्र आहे, मान दुखेपर्यंत वर बघत बसलो. स्टेशनपासून पाच-दहा मिनिटांवर ती लॅब आहे जिथे 1895 मध्ये राँटगेनना एक्स-रे सापडले, प्रवेश फुकट, आणि तिकडे फारसं कोणी फिरकतही नाही.

मग रोथेनबुर्ग. वुर्त्सबुर्गहून स्टाइनाख नावाच्या पिटुकल्या स्टेशनावर उतरायचं, समोर दोन डब्यांची गाडी उभी असते, स्टाइनाखपर्यंत पाऊण तास आणि पुढे पंधरा मिनिटं. सगळे इथे डे ट्रिपला येतात आणि तीच चूक. अकरा ते चार गणपतीच्या शेवटच्या रविवारी लक्ष्मी रोडवर असते तशी गर्दी, पण पाचनंतर टूर बसेस गेल्या की गाव रिकामं. तेव्हा एक रात्र राहायचंच, महाग पडलं तरी. रात्री आठला कंदील आणि भाला घेतलेला पहारेकरी इंग्लिशमध्ये गावभर फिरवतो, चुकवू नका. तटबंदीवरून चालताना भिंतीत नावं कोरलेले दगड दिसतील, बरीच जपानी नावं आहेत. 31 मार्च 1945 ला इथे बॉम्ब पडले, जवळपास 40 टक्के जुनं गाव गेलं, आणि नंतर जगभरातून देणग्या घेऊन तट पुन्हा बांधला, ती ही देणगीदारांची नावं. श्नेबालेन नावाचा गोल गोड प्रकार प्रत्येक दुकानात दिसेल, एकच घ्या, चौघांत वाटून खा. माझ्या बायकोच्या मते आपली शिळी चिरोटी बरी.

खरी परीक्षा रोथेनबुर्ग सोडल्यावर, कारण पुढचा तुकडा बसचा. डिंकल्सब्युलला आम्ही गेलो तेव्हा ट्रेन नव्हती, बसने जायचं, बहुधा फॉइश्टवांगेनला बदलून. इथे नीट लक्ष द्या. जर्मनीतल्या खेड्यापाड्यातल्या बसेस मुळात शाळेच्या पोरांसाठी चालतात, वेळापत्रकात बारीक अक्षरात 'फक्त शाळेच्या दिवशी' असं लिहिलेलं असतं, जर्मनमध्ये शूलटागं. आम्ही ते वाचलंच नाही, शाळांना सुट्टी होती, आणि आई-बाबांना घेऊन दोन तास एका स्टॉपवर बसलो, नशीब थेपले होते. रविवारी तर बसेस नावालाच असतात. काही फेऱ्या रुफबुस असतात, म्हणजे तास-दोन तास आधी फोन केला तरच येणार. सोपा नियम, हा बसवाला टप्पा मंगळवार ते गुरुवार ठेवा, सकाळची बस पकडा, आणि आदल्या रात्री डीबी नॅव्हिगेटर या जर्मन रेल्वेच्या ॲपवर नेमकी ती तारीख टाकून बघा. कुठल्या तरी वारी चालते म्हणजे तुमच्या वारी चालेल असं नाही.

डिंकल्सब्युल मला रोथेनबुर्गपेक्षा जास्त आवडलं, लाकडी चौकटींची रंगीत घरं तीच पण माणसं तिथे खरोखर राहतात, भाजी आणतात, भांडतात. तीन-चार तास पुरे, मग पुढची बस नॉर्डलिंगेनला.

नॉर्डलिंगेनबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, सहन करा. हे अख्खं गाव उल्केच्या विवरात वसलंय. आपल्या लोणारसारखंच, फक्त लोणार पावणेदोन-दोन किलोमीटरचं आणि हे जवळजवळ 24 किलोमीटर रुंद, म्हणून खाली उभं राहून कळतच नाही. साधारण दीड कोटी वर्षांपूर्वीचं. आधी सगळे ज्वालामुखी समजत होते, 1960 मध्ये दगडात कोएसाइट नावाचं खनिज सापडलं, ते आघाताच्या प्रचंड दाबाने तयार झालेलं होतं, तेव्हा उल्केचं नक्की झालं. 1970 मध्ये अपोलो 14 चे अंतराळवीर इथे दगड ओळखायला शिकून गेले. गावातलं सेंट जॉर्ज चर्च ज्या दगडाचं आहे त्या आघातानेच बनलेल्या दगडात डोळ्यांना न दिसणारे बारीक हिरे आहेत, म्हणजे एका अर्थी हिऱ्यांचं चर्च. त्याचा डॅनियल नावाचा मनोरा 350 पायऱ्या चढून गेलात की विवराची कड गोल दिसते आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडतो. रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाने वरून पहारेकरी ओरडतो, 'सो क्सेल सो'. तटबंदीवरून पूर्ण गोल चालता येतं, 2.7 किलोमीटर, वर छप्पर असल्यामुळे पावसात सुद्धा.

तिथून डोनाउवोर्थला गाडी बदलून आऊग्सबुर्ग. फुगेराय बघा, 1521 मध्ये श्रीमंत फुगर घराण्याने गरिबांसाठी बांधलेली चाळच म्हणा, अजून माणसं राहतात, वर्षाचं भाडं 88 सेंट आणि रोज तीन प्रार्थना. रात्री दहाला दार बंद, उशिरा येणाऱ्या रहिवाशाला दंड. बाबा म्हणाले आमच्या गिरगावात असं असतं तर सगळेच कफल्लक झाले असते.

काही सुटे मुद्दे. सुटकेस छोटी आणि मोठ्या चाकांची, दगडी रस्त्यांवर चाकं तुटतात. रविवारी सुपरमार्केट बंद, मोठ्या स्टेशनातली तेवढी उघडी, शनिवारीच ब्रेड-दही घेऊन ठेवा. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर 25 सेंट डिपॉझिट असतं, फेकू नका, दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की पैसे परत. शाकाहारी असाल तर केझेश्पेट्सले (चीज घातलेले नूडल्ससारखे), ब्रेट्सेल (प्रेट्झेल), बटाट्याचे पॅनकेक सफरचंदाच्या सॉससोबत, आणि ऑर्डर देताना 'ओने श्पेक' म्हणायचं, म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे नकोत, कारण ते सॅलडवर पण पेरतात. गाडी रद्द होऊन एसईव्ही लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, बदली बस आहे, फक्त स्टॉप स्टेशनाच्या मागच्या बाजूला वगैरे असू शकतो.

आणि एक गोष्ट, रिजनल ट्रेन कधी कधी मध्येच दोन तुकड्यांत तुटतात आणि दोन वेगळ्या गावांना जातात, डब्यावरची पाटी वाचूनच बसा. शेवटच्या दिवशी म्युनिकहून विमानतळाला जाताना हेच होतं, एस 1 नॉयफार्नला तुटते, एक तुकडा विमानतळाला आणि दुसरा फ्रायझिंगला. सामान, आई-बाबा आणि चेक-इनची घाई असताना हा जुगार कशाला, सरळ एस 8 पकडा.