अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास शिकायला घेताय?

इथं एम.ए.ला येणारी आपली बरीच मुलं त्या काळाचे दोन कप्पे करून येतात: मूळ रहिवाशांचं विस्थापन एका कप्प्यात, गुलामगिरी दुसऱ्यात. अभ्यासक्रमही बहुधा तसाच लावलेला असतो. माझं सांगणं एवढंच, पहिल्याच सेमिस्टरला दोन्ही एकत्र वाचायला घ्या.

चेरोकी या आग्नेय अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमातीचं प्रकरण त्यासाठी उत्तम. सनावळी एका संध्याकाळी पाठ होते: १८३० चा, मूळ रहिवाशांना पश्चिमेला हलवण्याचा इंडियन रिमूव्हल अ‍ॅक्ट, १८३२ चा वूस्टर खटला (चेरोकी भूमीवर जॉर्जिया राज्याचे कायदे चालत नाहीत, हा सुप्रीम कोर्टाचा निकाल), १८३५ चा न्यू एकोटाचा तह (चेरोकींच्या एका छोट्या गटानं जमीन सोडायचा केलेला करार), १८३८ ची सक्तीची रवानगी आणि त्यात गेलेले सुमारे ४,००० जीव. तिथं फार रेंगाळू नका. मतदान बघा. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात १८३० चा हा कायदा १०२ विरुद्ध ९७ असा, जेमतेम पाच मतांनी पास झाला. आणि राज्यघटनेच्या कलमानुसार दर पाच गुलामांमागे तीन डोकी लोकसंख्येत धरली जात, त्यामुळे दक्षिणेकडच्या राज्यांच्या जागा वाढलेल्या होत्या. ज्यांना मत नव्हतं, त्यांच्या डोक्यांवर दुसऱ्यांना घराबाहेर काढायचं बळ उभं राहिलं. रिकाम्या केलेल्या बऱ्याच जमिनीवर पुढे कापूस पिकला, तोही गुलामांच्याच हातून.

मग १८३५ ची चेरोकी जनगणना उघडा. हस्ताक्षर किचकट आहे, चिकाटी लागते. एका ओळीत एक कुटुंब: लागवडीखालचे एकर, पिकलेला गहू-मका, होड्या, गिरण्या, इंग्रजी वाचणारे किती, चेरोकी वाचणारे किती. ‘रानटी’ म्हणून हाकलायचं ठरवलेल्या लोकांची ही नोंद सरकारनंच केलेली! त्याच ओळीत गुलामांचाही रकाना आहे. १६,५०० च्या वर चेरोकी आणि त्यांच्या मालकीचे जवळपास १,६०० गुलाम. विस्थापनाविरुद्ध अखेरपर्यंत झगडलेले प्रमुख जॉन रॉस स्वतः गुलाम बाळगून होते. ही गुलाम माणसंही त्याच वाटेनं पश्चिमेला नेली गेली.

इथं बरेच जण बिचकतात. पीडिताच्या पदरीही गुलाम, हे पचत नाही. पेपरात ते झाकू नका, प्राध्यापक नेमकं तिथंच बोट ठेवतात. प्रबंधाला विषय हवा असेल तर तोही याच रकान्यात आहे. १८६६ च्या तहानं या मुक्त गुलामांना चेरोकी राष्ट्रात नागरिकांचे हक्क दिले, तरी त्यांच्या वंशजांना नागरिकत्वासाठी २०१७ पर्यंत कोर्टात भांडावं लागलं.