वृद्ध चिंपांझींची देखभाल करताना या चुका टाळा

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 1995 साली आपल्या ताब्यातील चिंपांझींचे प्रजनन थांबवले आणि 2015 मध्ये त्यांच्यावरील जैववैद्यकीय संशोधनही बंद केले. त्यामुळे लुइझियानातील कीथव्हिल येथील ‘चिंप हेवन’सारख्या आश्रयस्थानात प्रयोगशाळांतून येणारे चिंपांझी बहुतेक उतारवयातलेच असतात आणि तेथील रोजचे काम बरेचसे वृद्धाश्रमाच्या वळणावर गेले आहे. अशा ठिकाणी होणाऱ्या चुकांच्या मुळाशी बहुधा एकच सवय आढळते : प्राण्यात दिसलेला प्रत्येक बदल ‘आता वय झाले’ एवढे म्हणून सोडून देणे.

चिंपांझी दुखणे लपवतो. गटातील स्थान टिकवायचे असेल तर अशक्तपणा दिसू देणे त्याला परवडत नाही. म्हणून तो लंगडताना दिसेपर्यंत वाट पाहिली, तर संधिवात बराच पुढे गेलेला असतो. त्यापेक्षा सकाळी त्याचे अंथरूण पाहावे. चिंपांझी रोज रात्री झोपण्यासाठी नव्याने घरटे रचतो, आणि आश्रयस्थानात तो गवताचा पेंढा व घोंगड्या ओढून तेच करतो. काल-परवापर्यंत वरच्या फळीवर नीट गोल रचलेले अंथरूण आज शिडीच्या पायथ्याशी चार काड्या पसरून उरकलेले दिसले, तर त्या चिंपांझीच्या गुडघ्यांविषयी किंवा खांद्यांविषयी त्यातून पुष्कळ कळते. अशी नोंद त्या प्राण्याच्या स्वतःच्या जुन्या सवयीशी ताडून पाहायला हवी, कारण ‘चाळीस वर्षांच्या चिंपांझीने किती चढावे’ याचे कोणतेही सर्वसाधारण माप येथे उपयोगी पडत नाही.

थकव्याबाबत तर अधिकच सावध राहावे लागते. बंदिवासातील प्रौढ चिंपांझींच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण हृदयविकार हे आहे; हृदयाच्या स्नायूंत तंतुमय ऊती साठत जातात आणि पुष्कळदा बाहेर कोणतेही ठळक लक्षण दिसत नाही. दुपारभर एका जागी बसून राहणारा नर निवांत आहे की त्याच्या हृदयाची लय बिघडली आहे, हे नुसत्या नजरेने ठरत नाही. तपासणीसाठी दर वेळी भूल द्यावी, तर अशा हृदयाला भुलीचाच धोका असतो. म्हणून छाती जाळीला टेकवून स्थिर बसण्याची सवय त्याला आधीच लावावी, म्हणजे रसाचा एकेक घोट देत जागेपणीच हृदयाची सोनोग्राफी करता येते. येथे होणारी चूक म्हणजे हे शिक्षण आजार दिसल्यानंतर सुरू करणे. ज्याचे अंग दुखते आहे तो नवीन काही शिकायला राजी होत नाही, हे माणसांच्या बाबतीतही आपण पाहतोच.

औषध दिले म्हणजे ते पोटात गेले, असेही समजू नये. चिंपांझीचा खालचा ओठ पसरट पळीसारखा पुढे येतो. त्यात तो गोळी अलगद धरून ठेवतो, वरचे केळे खातो आणि कर्मचाऱ्याची पाठ वळताच गोळी बाहेर काढून टाकतो. तोंड उघडून दाखवल्यावरच बक्षीस द्यावे. सांधेदुखीची औषधे दीर्घकाळ चालू असतील तर मूत्रपिंडांवर त्यांचा ताण पडू शकतो, त्यामुळे रक्ततपासणी चुकवू नये. फळांबाबत थोडक्यात सांगायचे तर बाजारातील फळे रानफळांपेक्षा फार गोड असतात, आणि मधुमेहाकडे झुकलेल्या म्हाताऱ्याला लाडाने दिलेली द्राक्षे महागात पडतात.

पडण्याच्या भीतीने उंच माची काढून टाकणे ही सद्हेतूने होणारी चूक आहे. चढणे बंद झाले की स्नायू झपाट्याने झडतात, आणि गटात भांडण पेटल्यावर वर निसटण्याची वाटही राहत नाही. उतरता रॅम्प, कमी अंतरावरच्या फळ्या आणि हाताला पकड देणाऱ्या जुन्या अग्निशामक नळ्या बसवल्या, तर तीच उंची हळूहळू गाठता येते.

‘विश्रांती मिळावी’ म्हणून वृद्धाला एकटे ठेवणे मला सर्वांत घातक वाटते. युगांडातील किबाले जंगलातील निरीक्षणांवर आधारलेल्या 2020 च्या अभ्यासात असे दिसले, की वय वाढत गेलेले नर परस्परांना जपणाऱ्या मोजक्या मित्रांजवळ अधिक काळ घालवतात. तेव्हा गट लहान करायचा असल्यास तो या जुन्या सोबत्यांनाच एकत्र ठेवून करावा, आणि रिकाम्या खोलीच्या सोयीने त्यांची फाटाफूट करू नये.

वयाचा आधार घेऊन घेतलेले निर्णय संस्थांच्या पातळीवरही वादग्रस्त ठरतात. न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्दो येथील संशोधन केंद्रात उरलेले चिंपांझी प्रवासासाठी फार अशक्त आहेत, असे सांगून राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2019 मध्ये त्यांना चिंप हेवनला न हलवण्याचे ठरवले. डिसेंबर 2022 मध्ये एका संघीय न्यायालयाने तो निर्णय कायद्याला धरून नसल्याचे म्हटले.

चुकीचा अंदाज उलट बाजूनेही अंगाशी येतो. चिंप हेवनमधील नरांची नसबंदी झालेली होती, आणि रानात जन्मलेली तेरेसा चाळिशी ओलांडून बरीच पुढे गेलेली होती, त्यामुळे तिच्याबाबत कोणालाच शंका आली नाही. जानेवारी 2007 मध्ये ती एका पिलाला छातीशी धरून बसलेली दिसली, आणि त्या पिलाचा बाप कोण, हे ठरवण्यासाठी डीएनए चाचणी करावी लागली.